पोटातील जंत आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष

मुलाचे खाणेपिणे व्यवस्थित असूनही ते अंगी लागत नाही, चेहरा फिकट दिसतो, अधूनमधून पोट दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. एवढे झाले की आपल्या घराघरांतून एकच निदान ऐकू येते : "जंत झाले असतील." मग आजी वावडिंगाचा काढा सुचवते, वडील दुकानातून गोळी आणतात आणि प्रकरण तेथेच मिटते. कधी मूल सुधारते. कधी महिने लोटले तरी सुधारत नाही. न सुधारण्याचे एक कारण पुष्कळदा असे असते की, ज्या प्राण्यावर औषध दिले तो पोटात नव्हताच. होता तो दुसराच.

'जंत' हा शब्द एक असला तरी त्याच्या आड निरनिराळ्या जातींचे जीव दडलेले असतात. गांडुळासारखा दिसणारा लांब गोल जंत, आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषणारा अंकुशकृमी, चाबकाच्या आकाराचा प्रतोदकृमी, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारा सूतकृमी आणि फितीसारखे चपटे पट्टकृमी हे सारे कृमी होत. यांच्याखेरीज डोळ्यांना मुळीच न दिसणारे एकपेशीय जीवही आहेत. आमांश उत्पन्न करणारा अमीबा आणि मुलांना दीर्घकाळ जुलाब लावणारा जिआर्डिया हे त्यांतील प्रमुख. गोल जंतावर अल्बेंडाझोलची एक गोळी उत्तम काम करते. प्रतोदकृमीवर तीच एक मात्रा बहुधा अपुरी पडते. अमीबावर तिचा उपयोग नाही, जिआर्डियावर एका मात्रेने भागत नाही आणि ठेंगण्या पट्टकृमीसाठी वेगळेच औषध लागते. तेव्हा पोटात कोण आहे, हा प्रश्न टाळून चालत नाही. त्याचे उत्तर मलपरीक्षेने मिळते. पण ते उत्तर कितपत खरे निघेल हे प्रयोगशाळेइतकेच नमुना देणाऱ्या घरावरही अवलंबून असते.

पाटनपासून जबलपूरपर्यंत

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात पाटन नावाचे तहसिलीचे गाव आहे. साताऱ्याकडील पाटण किंवा गुजरातेतील पाटण ते हे नव्हे. जबलपूर शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवरील हा मुलूख 'हवेली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुपीक प्रदेशात मोडतो. काळ्या जमिनीच्या शेतांना उंच बांध घालून पावसाळाभर त्यांत पाणी तुंबवून ठेवावयाचे आणि पावसाळा सरला की ते सोडून देऊन गहू-हरभरा पेरावयाचा, ही येथील जुनी पद्धत. अलीकडे या भागातील हिरव्या वाटाण्याचेही नाव झाले आहे.

अंकुशकृमीच्या अळ्यांना भुसभुशीत, ओलसर, सावलीची जमीन मानवते. घट्ट चिकणमाती आणि तुंबलेले पाणी त्यांना सोसत नाही. म्हणजे एकाच गावाच्या शिवारात बांधलेल्या काळ्या शेतात त्यांचा निभाव लागू नये, परंतु वस्तीलगतच्या झाडांच्या सावलीत, जेथे लोक उघड्यावर शौचास बसतात तेथे, त्या सुखाने वाढाव्या असे होऊ शकते. गोल जंताची अंडी त्याहून चिवट. ती मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. यामुळेच 'आमच्या गावात जंत आहेत' किंवा 'नाहीत' असे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही.

हा केवळ तर्काचा विषय नव्हे. जबलपूर येथे १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आदिवासींच्या आरोग्यविषयक संशोधनासाठी एक केंद्र स्थापन केले. आज ते राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. या केंद्रातील संशोधकांनी मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत रक्तक्षय आणि कृमी यांची एकत्र पाहणी केली. आदिवासी किशोरवयीन मुलामुलींतील आतड्यांचे परजीवी, रक्तक्षय व कुपोषण या तिन्हींचा त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. हे तीन विकार एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात, नांदतात. मुलीला लोहाच्या गोळ्या चालू आहेत, परंतु आतड्यात अंकुशकृमी रक्त शोषीत बसले आहेत, अशी स्थिती असेल तर तळाला भोक पडलेली घागर भरण्यासारखेच ते होय. पुढे त्याच मुलीचे लग्न होते, बाळंतपण येते आणि रक्तक्षयाने तिच्या व बाळाच्या जिवावर बेतते.

एका अंड्याचे गणित

मलपरीक्षेचा इतिहास तीन शतकांहून जुना आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी १६८१ साली स्वतःला जुलाब होत असता आपला मल स्वतःच्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव टिपले. तो जिआर्डियाच असावा, असे आज मानले जाते. मिलानच्या अँजेलो दुबिनी यांना १८३८ मध्ये एका मृत स्त्रीच्या आतड्यात अंकुशकृमी सापडला. परंतु जिवंत माणसात हा कृमी ओळखावा कसा, याचे उत्तर मिळावयास आणखी चाळीस वर्षे लागली. १८७८ साली ग्रासी आणि पारोना बंधू या इटालियन संशोधकांनी दाखवून दिले की, मलातील अंडी पाहून रोगाचे निदान करता येते. आजही सर्व पद्धतींचा पाया हाच आहे : कृमी आत बसलेला असला तरी त्याची अंडी बाहेर येतात, आणि प्रत्येक जातीच्या अंड्याचे रूप निराळे असते.

गोल जंताचे अंडे बाहेरून खडबडीत आणि पित्ताच्या रंगाने पिवळसर-तपकिरी दिसते. अंकुशकृमीच्या अंड्याचे कवच पातळ व काचेसारखे पारदर्शक असून आत चार ते आठ पेशी असतात. प्रतोदकृमीचे अंडे दोन्ही टोकांना बूच मारलेल्या पिंपासारखे असते. ही अंडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे साध्या डोळ्यांना अदृश्य.

सर्वांत साधी पद्धत अशी. काचपट्टीच्या एका बाजूस मिठाच्या सौम्य पाण्याचा थेंब व दुसऱ्या बाजूस आयोडिनचा थेंब घेतात. काडीच्या टोकावर मावेल एवढा मल प्रत्येकात कालवून वर पातळ काच ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत क्रमाने पाहतात. मिठाच्या पाण्यात जिवंत अमीबा किंवा जिआर्डिया हलताना दिसतो. आयोडिनमध्ये तो मरतो, पण त्या जीवांच्या कवचबंद अवस्थेतील, म्हणजे पुटीतील, केंद्रके स्पष्ट उमटतात. आमांशाच्या अमीबाच्या पक्व पुटीत चार केंद्रके असतात, तर आतड्यातील एका निरुपद्रवी अमीबाच्या पुटीत आठ. या मोजणीवर औषध द्यावे की नाही हे ठरते. न पचलेले पिष्टाचे कण आयोडिनने निळे होतात, म्हणून ते ओळखू येतात. परंतु भाजीपाल्याचे केसासारखे तंतू अळ्यांसारखे आणि परागकण अंड्यांसारखे दिसून नवख्याला चकवतात. येथे यंत्रापेक्षा डोळ्याचा सराव अधिक कामास येतो.

ही पद्धत स्वस्त व झटपट खरी, पण तिची मर्यादा साध्या अंकगणिताने कळते. अंकुशकृमीची आपल्याकडे आढळणारी एक जात घेतली, तर तिची मादी दिवसाला सुमारे ९,००० अंडी घालते. दिवसाचा मल १८० ग्रॅम धरला तर एका ग्रॅमात ५० अंडी येतात. काचपट्टीवर मल असतो सुमारे २ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमाचा पाचशेवा भाग. अर्थात पोटात एकच मादी असेल तर दहा काचपट्ट्या पाहाव्या तेव्हा कोठे सरासरीने एक अंडे दिसावयाचे! गोल जंताची मादी मात्र दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते. म्हणून ती सहसा लपत नाही. तेव्हा तपासणीच्या कागदावर 'काही आढळले नाही' असे आले तर त्याचा अर्थ 'या दोन मिलिग्रॅमांत आढळले नाही' एवढाच घ्यावयाचा असतो.

मीठ, पाणी आणि ईथर

ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी पुष्कळ मलातील थोडी अंडी एका जागी गोळा करण्याच्या युक्त्या शोधल्या. त्यांतील एक तर स्वयंपाकघरातील मिठावर चालते. १९२१ साली विलिस यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पाण्यात आणखी विरघळेनासे होईपर्यंत मीठ घालून संपृक्त द्रावण करावयाचे. त्यात सुमारे एक ग्रॅम मल कालवून बाटली काठोकाठ भरावयाची आणि द्रवाला टेकेल अशी काचपट्टी वर ठेवावयाची. हे द्रावण पाण्याच्या सव्वापटीहून किंचित कमी जड असते, त्यामुळे त्याहून हलकी अंडी वीस-तीस मिनिटांत वर तरंगून काचेला चिकटतात. वरच्या हिशेबातील एकुलत्या एका मादीची पन्नास अंडी आता एका ग्रॅमात हाती लागण्याचा संभव निर्माण होतो. मात्र फार वेळ ठेवल्यास मिठाने अंडी आक्रसतात. शिवाय पट्टकृमीची काही अंडी आणि गोल जंताची अफलित अंडी जड असल्याने तळाशीच राहतात. भारतीय वैद्यक सेवेतील क्लेटन लेन यांनी दार्जिलिंग भागात अंकुशकृमीच्या रोगाचा अभ्यास केला होता. अंडी तरंगविण्याच्या या कामी नळ्या वेगाने फिरविणाऱ्या केंद्रोत्सारक यंत्राची जोड देण्याची त्यांची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली.

दुसरी युक्ती नेमकी उलट, तळाशी बसविण्याची. रिची यांनी १९४८ साली मांडलेल्या या पद्धतीत मल फॉर्मॅलिनमध्ये कालवून गाळतात, त्यात ईथर घालून नळी जोराने हलवतात आणि यंत्रात फिरवतात. नळीत चार थर पडतात : सर्वांत वर ईथर, त्याखाली स्निग्ध घाणीचा बुचासारखा थर, मग फॉर्मॅलिन आणि तळाशी चिमूटभर गाळ. सारी अंडी व पुटी त्या गाळात उतरलेल्या असतात. ईथर चटकन पेट घेते, म्हणून आता पुष्कळ प्रयोगशाळांत त्याऐवजी एथिल अ‍ॅसिटेट वापरतात. फॉर्मॅलिनमध्ये अंडी टिकत असल्यामुळे लांबून आलेल्या नमुन्यासाठी ही पद्धत फार सोयीची आहे.

किती, हाही प्रश्न आहे

जंत आहेत की नाहीत याबरोबरच किती आहेत हेही महत्त्वाचे असते. अंकुशकृमीची एक जात प्रत्येकी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवते, दुसरी केवळ ०.०३. पहिल्या जातीचे पन्नास कृमी असतील तर महिन्याला सव्वादोनशे ते तीनशे मिलिलिटर रक्त जाते. दुसरीचे तितकेच असतील तर जेमतेम पंचेचाळीस.

मोजणीची आज सर्वत्र वापरली जाणारी रीत जपानमध्ये काटो व मिउरा यांनी १९५४ साली सुरू केली आणि ब्राझीलच्या काट्झ व सहकाऱ्यांनी १९७२ साली ती नेमक्या मापात बसविली. छिद्र पाडलेल्या पट्टीतून बरोबर ४१.७ मिलिग्रॅम मल काचेवर घेतात आणि ग्लिसरीन व हिरव्या रंगात भिजविलेल्या सेलोफेनने दाबून पसरतात. ग्लिसरीनमुळे मल पारदर्शक होतो व अंडी उठून दिसतात. मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले की दर ग्रॅममागे संख्या मिळते. समजा, अंकुशकृमीची ३० अंडी दिसली, तर ७२०. हा सौम्य उपद्रव. १०० दिसली तर २,४००. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीप्रमाणे २,००० ते ३,९९९ हा मध्यम व त्यापुढे तीव्र. मात्र येथे घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ गेला की अंकुशकृमीची नाजूक अंडी ग्लिसरीनने इतकी पारदर्शक होतात की दिसेनाशीच होतात. पातळ शौचासाठीही ही रीत उपयोगी नाही.

दिसते तसे नसते

काही ठिकाणी सूक्ष्मदर्शकही हतबल होतो. अंकुशकृमीच्या दोन्ही जातींची अंडी हुबेहूब सारखी असतात. त्यांच्यातील भेद पाहावयाचा तर अळ्या वाढवाव्या लागतात. १९५५ साली हाराडा व मोरी यांनी सुचविल्याप्रमाणे गाळणकागदाच्या पट्टीवर मल लावून ती थोडे पाणी घातलेल्या नळीत उभी ठेवतात. आठ-दहा दिवसांत अळ्या पाण्यात उतरतात. हे काम जपून करावे लागते. १८९८ साली कैरोमध्ये आर्थर लूस यांच्या हातावर अशा अळ्यांचे पाणी सांडले, त्या जागी आग होऊन लाली आली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच मलात अंडी सापडली. त्यातूनच हा कृमी त्वचेतून शरीरात शिरतो हे जगाला कळले.

अमीबाची कथा याहून बोधप्रद आहे. चार केंद्रकांची पुटी दिसली की आमांशाचे औषध द्यावयाचे, अशी दीर्घकाळ प्रथा होती. पॅरिसच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ साली म्हटले की, अशा पुटी असणाऱ्या दोन जाती आहेत, एक रोगकारक आणि दुसरी निरुपद्रवी. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. १९९३ मध्ये ते सिद्ध होऊन स्वीकारले गेले. दोघांच्या पुटी दिसावयास सारख्याच. जिवंत अमीबाच्या पोटात रक्तपेशी दिसल्या तर संशय बळावतो. अन्यथा त्याच्या प्रथिनांची किंवा जनुकद्रव्याची परीक्षा करावी लागते. अशा परीक्षा मोठ्या व संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांतून होतात. म्हणून तक्रार काहीच नसताना नुसत्या पुटीच्या अहवालावर औषधे घेत बसणे योग्य नव्हे.

सूतकृमीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, त्यामुळे मलात ती क्वचितच सापडतात. येथे पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा सकाळी, मुलाला शौचास किंवा आंघोळीस पाठविण्यापूर्वी, त्या जागी लावून काढतात आणि काचपट्टीवर चिकटवून तपासतात. ही रीत १९४१ पासून रूढ आहे. एका सकाळी काही न आढळल्यास लागोपाठ तीन सकाळी पाहावे.

घराने काय करावे

आता आपल्या हातातील भाग पाहू. शौच तपासावयास नेणे हे पुष्कळांना लाजिरवाणे वाटते आणि मग मिळेल त्या काडेपेटीत किंवा तेलकट बाटलीत नमुना कसाबसा पोहोचवला जातो. प्रयोगशाळेतील सारी मेहनत तेथेच निम्मी वाया जाते.

डबी रुंद तोंडाची, स्वच्छ, कोरडी व घट्ट झाकणाची असावी. नमुना अक्रोडाएवढा पुरे. पातळ असल्यास दोन-तीन चमचे. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये. लघवीने जिवंत अमीबा मरतो आणि मातीतील व पाण्यातील स्वतंत्र जीव मिसळले तर तपासणाऱ्याची फसगत होते. मलात आव किंवा रक्त दिसत असेल तर तो भाग आवर्जून घ्यावा. तपासणीपूर्वी एरंडेल देऊ नये, कारण तेलाचे थेंब सर्व दृश्य झाकून टाकतात. आधीच काही औषधे घेतली असल्यास ती डॉक्टरांना सांगावीत. डबीवर नाव, दिनांक आणि वेळ लिहावी.

वेळेचे महत्त्व सर्वांत अधिक. पातळ शौचाची तपासणी अर्ध्या तासात झाली पाहिजे, कारण त्यातील जिवंत अमीबा तेवढ्यातच मरून ओळखू येईनासा होतो. घट्ट शौच त्याच दिवशी पोहोचले तरी चालते. पाटनच्या आसपासच्या खेड्यातून सकाळी निघालेला नमुना गाडी बदलत दुपारी जबलपूरला जावयाचा आणि दुसऱ्या दिवशी उघडला जावयाचा, असे उन्हाळ्यात झाले तर अंकुशकृमीची अंडी उबेने फुटून अळ्या बाहेर पडतात; मग त्या दुसऱ्याच एका कृमीच्या आहेत असा घोटाळा होऊ शकतो. तेव्हा साधी तपासणी शक्य तेथे जवळच्या सरकारी रुग्णालयात करावी. दूर पाठवावयाचेच असेल तर फॉर्मॅलिन घातलेली डबी आधीच मागून घ्यावी आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शेवटची गोष्ट चिकाटीची. अंडी व पुटी रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. जिआर्डिया तर काही दिवस मुळीच दिसत नाही. म्हणून पहिली तपासणी कोरी आली व तक्रार चालूच राहिली तर एक-दोन दिवसांच्या अंतराने, दहा दिवसांच्या आत, एकूण तीन नमुने द्यावेत.

गोळीचा दिवस

शाळांतून व अंगणवाड्यांतून सरसकट गोळी देतात, मग तपासणी कशाला, असे कोणी विचारील. १० फेब्रुवारी २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला. पहिल्या वर्षीच्या राज्यांत मध्य प्रदेश व महाराष्ट्र दोन्ही होते. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ही गोळी देतात. औषध सुरक्षित आणि स्वस्त असल्याने प्रत्येक मुलाची तपासणी न करता ते देणे शहाणपणाचे आहे, आणि आपल्या मुलांना ते जरूर मिळू द्यावे. परंतु ही योजनाही प्रयोगशाळेच्याच आधाराने चालते. शंभरात वीस किंवा अधिक मुलांत जंत असतील तर वर्षातून एकदा, पन्नास किंवा अधिकांत असतील तर दोनदा औषध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. शंभरात किती, हे कोणीतरी काचपट्ट्या मोजल्यावाचून कळत नाही. शेजारच्या उत्तर प्रदेशात २०१५ साली प्राथमिक शाळांतील मुलांची अशी पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश मुलांत जंत आढळले. शिवाय ही गोळी गावाचा भार कमी करते. एखाद्या मुलाला जिआर्डिया आहे की पट्टकृमी, हे ती सांगत नाही. गोळी घेऊनही जे मूल फिकट व रोडच राहते, त्याची तपासणी झालीच पाहिजे.

संडासाचा वापर, जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे, शेतात व अंगणात पायांत चप्पल घालणे, भाज्या स्वच्छ पाण्याने धुणे हे उपाय आपण नेहमीच ऐकतो. त्यांचे महत्त्व तिळमात्र कमी नाही. त्यांच्या जोडीला एवढेच ध्यानात ठेवावे की, डॉक्टरांनी मलपरीक्षा सांगितली तर ती टाळू नये आणि नमुना निष्काळजीपणे देऊ नये. स्वच्छ डबीत, वेळेवर आणि गरज पडल्यास तीनदा दिलेला नमुना तपासणाऱ्याच्या हाती आला, तर काचपट्टीवरून मिळणाऱ्या उत्तरावर घराला भरवसा ठेवता येतो आणि मुलाला त्याच्या रोगाचे औषध मिळते.